दारू सोडलेल्यांचा पत्ता

महाराष्ट्रात दारू कुठे मिळते हे कुणाला विचारावं लागत नाही. नव्या गावी बदली होऊन आलेल्या माणसाला किराण्याचं दुकान सापडायच्या आत परमिट रूमची पाटी दिसलेली असते. दारूबंदी असलेल्या जिल्ह्यातसुद्धा पाहुण्याला तासाभरात ठिकाण कळतं. पण त्याच गावात दारू सोडलेली माणसं आठवड्यातल्या कुठल्या संध्याकाळी, कुठल्या शाळेच्या कुठल्या वर्गात एकत्र बसतात, हे विचारून पाहा. पानवाला, मेडिकलवाला, चौकीतला हवालदार, सगळे नकारार्थी मान हलवतील. ती शाळा बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर असते.

हे पुस्तक त्या वर्गाबद्दल आहे. तिथे कोण बसतं, काय बोलतं, ही पद्धत कुठून आली, तिच्याबद्दलचे आक्षेप कोणते आणि मुख्य म्हणजे तिथवर पोचायचं कसं, एवढा त्याचा पसारा. दारू सोडण्याचे उपाय सांगणारी पुस्तकं मराठीत आहेत आणि दारूचे दुष्परिणाम सांगणारी तर उदंड आहेत. दुष्परिणाम पिणाऱ्याला पाठ असतात, ते त्याच्याच अंगावरून गेलेले असतात. त्याला दुसरंच काही ठाऊक नसतं. सोडल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी, पगार झालेला असताना, संध्याकाळी सात वाजता करायचं काय, हे.

कारण दारू सुटते. बऱ्याच जणांची, बऱ्याच वेळा सुटते. श्रावणात सुटते, मुलीच्या लग्नाआधी सुटते, कावीळ झाली की सुटते, आईच्या डोक्यावर हात ठेवून सुटते. सुटलेली टिकत नाही, अडचण ती आहे. आणि टिकवण्याचं सगळं ओझं आपण एकट्या माणसाच्या निश्चयावर टाकून मोकळे होतो. पुन्हा प्यायला की म्हणायचं, ‘मनाचा खंबीर नाही.’

मराठी माणसाच्या मनात दारूचं जे चित्र आहे, त्यातला मोठा भाग राम गणेश गडकऱ्यांनी रंगवलेला आहे. १९१९ साली, गडकरी गेल्यानंतर महिन्याभरातच, ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं आणि सुधाकर, सिंधू, तळीराम ही नावं घरोघर झाली. त्या नाटकातली एक गंमत मात्र फारशी कुणी नोंदवत नाही. पिणाऱ्यांसाठी गडकऱ्यांनी चक्क एक मंडळ काढून दिलं आहे: आर्य मदिरा मंडळ. तिथे सभासद आहेत, गप्पा आहेत, एकमेकांना धरून राहणं आहे. सुधाकर दारू सोडायला निघतो तेव्हा मात्र त्याच्या बाजूला कुठलंच मंडळ नसतं. तो काम मागत दारोदार जातो, लोक त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत, अपमान घेऊन तो परततो आणि पुन्हा पेल्याकडे वळतो. सिंधूचं पातिव्रत्य आणि मित्रांची तळमळ कमी पडली असं कुणी म्हणणार नाही. पण स्वतः त्या गर्तेतून बाहेर आलेला, त्याच्या शेजारी बसून ‘माझंही असंच झालं होतं’ म्हणणारा एकही माणूस त्या नाटकात नाही. १९१९ सालच्या महाराष्ट्रात तसा माणूस नाटककाराला सुचण्याचं कारणही नव्हतं.

आपल्याकडे दारूला उत्तरं दिली गेली नाहीत असं नाही. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्ये शहरातल्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी लेखी तक्रार केली होती. गाडगेबाबांच्या कीर्तनात दारू सोडण्याचा विषय हटकून येई. वारकरी पंथात माळ घालणं म्हणजे मांस-मद्य सोडणं, आणि गावोगावी आजही ‘त्यानं माळ घातली’ एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. रेवदंड्याच्या धर्माधिकारींच्या बैठकींमुळे कोकणातल्या कितीतरी घरांतली बाटली गेली. बंडातात्या कराडकरांचा व्यसनमुक्त युवक संघ वारकरी वाटेनंच तरुणांपर्यंत गेला. हे सगळं शपथेच्या आणि श्रद्धेच्या बळावर उभं आहे. त्याची टर उडवणाऱ्या शहरी मंडळींशी माझं जमत नाही. दर आठवड्याची बैठक, दर एकादशीचं भजन, दर आषाढीची वारी, यात नुसती शपथ नसते, सोबतही असते. ज्यांची माळ टिकली, त्यांची त्या सोबतीनं टिकली असं मला वाटतं. अडचण येते ती माळ तुटल्यावर. शपथ मोडलेला माणूस पुन्हा त्या फडावर तोंड दाखवत नाही. नेमकी गरज असते तेव्हाच तो दूर जातो.

दुसरं उत्तर कायद्याचं. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. परवाना काढून पिण्याची सोय आणि परमिट रूम हा शब्द ही त्याचीच अपत्यं. वर्धा जिल्ह्यात गांधीजींच्या वास्तव्यामुळे बंदी आली. गडचिरोलीत मोठ्या लोकआंदोलनानंतर १९९३ पासून बंदी आहे आणि डॉ. अभय व राणी बंग यांचं त्यातलं काम सर्वांना माहीत आहे. चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली. बायकांनी मतदान करून बाटली आडवी केल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यामागचा संताप खरा असतो. दुकान बंद झाल्यानं नवा पोरगा पिण्याकडे उशिरा वळतो, हा फायदा लहान नाही. पण ज्याचे हात सकाळी पेला घेतल्याशिवाय थांबत नाहीत, तो दुकान बंद झालं म्हणून थांबत नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीच्या काळात यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सॅनिटायझर पिऊन माणसं दगावली, ती याच अवस्थेतली.

तिसरं उत्तर दवाखान्याचं, त्याकडे पुढे येतोच. या पुस्तकाचा विषय चौथं उत्तर आहे: स्वमदत गट.

ते जन्मलं अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, अ‍ॅक्रन नावाच्या टायरच्या कारखान्यांच्या शहरात. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात वावरलेला बिल विल्सन १९३५ च्या मे महिन्यात धंद्याच्या कामाला तिथे गेला होता. काम फसलं. हॉटेलच्या दिवाणखान्यात तो उभा होता, एका बाजूला बार गजबजलेला. दारू सोडून त्याला काही महिने झाले होते आणि आज आपण पिणार हे त्याला कळून चुकलं होतं. त्यानं चर्चच्या यादीवरून एकामागून एक फोन लावले आणि मागणी केली ती विचित्रच: मला एखाद्या दारुड्याशी बोलायचं आहे. त्यातून गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाची. डॉक्टर पंधरा मिनिटं बसायचं ठरवून आले होते, ते रात्री उशिरापर्यंत उठले नाहीत. आजवर त्यांना उपदेश करणारे पुष्कळ भेटले होते. हा माणूस स्वतःचंच सांगत होता, आणि सांगितल्यानं त्याला स्वतःलाच बरं वाटत होतं. पुढे डॉक्टर पुन्हा एकदा घसरले. १० जून १९३५ ला शस्त्रक्रियेआधी हात स्थिर राहावा म्हणून बिलनंच त्यांना एक बिअर दिली. ती त्यांची शेवटची. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे सगळेजण ज्याला ए.ए. म्हणतात, त्या संघटनेचा वाढदिवस हाच धरला जातो. त्या बिअरचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे असा इतिहास लिहिला असता तर तो भाग संस्थापकाच्या चरित्रातून आधी गाळला असता.

याआधी असा प्रयत्न झाला नव्हता असं नाही. १८४० मध्ये बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात पिणाऱ्या सहा जणांनी एकत्र येऊन सोडायचं ठरवलं आणि वॉशिंग्टोनियन नावाची चळवळ उभी राहिली. काही वर्षांत ती लाखोंपर्यंत पोचली आणि तितक्याच वेगानं विरली. राजकारण शिरलं, दारूबंदीवाले शिरले, व्यासपीठावर गाजणारे वक्ते झाले आणि त्यातले काही जाहीरपणे घसरले. ए.ए.नं पुढे हे सगळे दरवाजे जाणूनबुजून लावून घेतले. १९३९ साली त्यांचं पुस्तक निघालं, त्यात दारूतून बाहेर पडण्याच्या बारा पायऱ्या आल्या. १९५० मध्ये बारा परंपरा मान्य झाल्या. परंपरा म्हणजे संघटनेनं काय करायचं नाही याचे नियम. मालमत्ता बाळगायची नाही. बाहेरच्याकडून देणगी घ्यायची नाही. दारूबंदी असावी की नसावी, या वादासकट कुठल्याच बाहेरच्या प्रश्नावर मत द्यायचं नाही. वर्तमानपत्रात सभासद म्हणून नाव आणि फोटो येऊ द्यायचा नाही. ज्या राज्यात चार पोरांच्या गणेश मंडळालाही अध्यक्ष, कार्याध्यक्ष, स्वागताध्यक्ष आणि सगळ्यांचे फोटो असलेला फ्लेक्स लागतो, तिथे असली संघटना टिकावी हेच नवल.

ती टिकली. भारतात ए.ए. आलं १९५७ साली, आणि मुंबईत अगदी सुरुवातीपासून. देशाचं सेवा कार्यालय आजही मुंबईतच आहे. पहिल्या काळात तिथला वावर इंग्रजी बोलणाऱ्यांचा आणि चर्चच्या आवारातला होता. त्यामुळे ‘ते ख्रिश्चन लोकांचं काहीतरी आहे’ हा समज पक्का झाला आणि तो काही ठिकाणी अजून गेलेला नाही. पुढे गिरणगावात, उपनगरांत, मग पुणे, नाशिक, कोल्हापूर अशी मराठी मीटिंग पसरत गेली आणि तिनं आपली बोली घडवली. शेअरिंग करणं, स्लिप होणं, सोबर राहणं, स्पॉन्सर धरणं हे शब्द आज सातवी शिकलेला रिक्षावाला आणि निवृत्त मामलेदार एकाच सहजतेनं वापरतात.

त्या खोलीत नेमकं होतं काय, हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बाहेर त्याबद्दल भलत्याच कल्पना आहेत. म्युनिसिपालिटीच्या शाळेतला तिसरीचा वर्ग असतो. बाकं लहान, त्यामुळे मोठी माणसं गुडघे आडवे करून बसलेली. फळ्यावर सकाळचे पाढे तसेच. टेबलावर एक कापड, त्यावर पुस्तक, घड्याळ, मेणबत्ती असली तर असली. भिंतीला तात्पुरते टांगलेले दोन लांब कापडी फलक: पायऱ्या आणि परंपरा. कोपऱ्यात चहाचा थर्मास आणि ग्लुकोज बिस्किटांचा पुडा. आज पाळी असलेला सभासद टेबलामागे बसतो. तो कुणी गुरू नाही, पुढच्या आठवड्यात दुसरा असेल. वेळ झाली की सुरू, साहेब यायचे आहेत म्हणून थांबणं नाही. क्षणभर शांतता, एक छोटी प्रार्थना, मग एकेकाचं बोलणं. नाव सांगायचं, पहिलं नाव पुरतं. मी मद्यपी आहे म्हणायचं. सगळ्यांनी एका सुरात नमस्कार करायचा. मग पाच-सात मिनिटं. कुणी मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही, ‘तुम्ही असं करायला हवं होतं’ म्हणत नाही. बायकोचं मंगळसूत्र गहाण टाकल्याचं सांगताना एखाद्याचा आवाज अडकतो, आणि दोन मिनिटांनी तोच माणूस पोलिसांना चुकवायला गणपतीच्या मांडवात मूर्तीमागे झोपल्याचं सांगतो तेव्हा सगळा वर्ग खो-खो हसतो. हे हसू नव्या माणसाला आधी खटकतं. नंतर कळतं की ज्या गोष्टीबद्दल घरी फक्त रडणं ऐकलं, तिच्यावर हसता येतं हेही औषधच आहे.

शेवटी एक पिशवी फिरते. सभासद दहा-वीस रुपये टाकतात, खोलीचं भाडं आणि चहा त्यातून निघतो. नव्यानं आलेल्यानं काही टाकायचं नसतं. फॉर्म नाही, आधार कार्ड नाही, हजेरीपट नाही. सभासद व्हायला एकच अट: दारू सोडण्याची इच्छा. सोडलेली असण्याची नव्हे. कुणाला वर्ष पूर्ण झालं असेल तर वाढदिवस साजरा होतो. पन्नाशीच्या माणसाला पेढा भरवून ‘तीन वर्षांचा झाला’ म्हणतात. आणि वीस वर्षं न प्यायलेलाही सांगताना आजच्या दिवसापुरतंच सांगतो. उद्याचं बोलत नाही. माळ आणि मीटिंग यांतला फरक मला इथे दिसतो. मीटिंगमध्ये शपथ नाही, त्यामुळे ती मोडतही नाही. घसरलेला माणूस पुढच्या मंगळवारी परत येऊन त्याच बाकावर बसू शकतो. ‘पुन्हा आलास, बरं केलंस’ यापलीकडे कुणी काही म्हणत नाही.

या पद्धतीवरचा सगळ्यात जुना आक्षेप देवाचा. बारा पायऱ्यांत आपल्याहून मोठ्या शक्तीचा उल्लेख आहे, आणि ज्याला जसा समजेल तसा देव मानायची मुभा दिली असली तरी नास्तिक माणसाला ते अडतं. महाराष्ट्रात हा आक्षेप हलका मानता येत नाही. साताऱ्यात ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्तीचं काम उभं केलं ते डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या नेत्यानं. व्यसनमुक्ती आणि विवेकवाद यांची सांगड आपल्याकडे घातली गेलेली आहे. काही नास्तिक सभासद ‘माझी मोठी शक्ती म्हणजे हा गट’ असं म्हणून मार्ग काढतात. काहींना ते नाटकी वाटतं आणि ते निघून जातात. जगात त्यांच्यासाठीही वाटा निघाल्या आहेत. १९९४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली स्मार्ट रिकव्हरी विचार आणि वर्तन बदलण्याच्या मानसशास्त्रावर चालते, तिथे देव नाही आणि आयुष्यभर सभासद राहण्याची अपेक्षाही नाही. झाग्रेबमध्ये व्लादिमीर हुदोलिन या मनोविकारतज्ज्ञानं १९६४ पासून सुरू केलेल्या क्लबांत सगळं कुटुंब बसतं. ती पद्धत इटलीत खूप पसरली. जपानमधल्या दानशुकाईत माणूस बायकोसह येतो आणि पूर्ण नाव सांगतो, अनामिकपणा तिथे नाही. मला विचाराल तर कुटुंबानं एकत्र बसण्याची ही तऱ्हा मराठी घरांना मानवेल. आपल्याकडे पिणारा एकटा नसतोच, त्याच्या पिण्याचा संसार सगळं घर चालवत असतं.

कसा ते पाहायचं तर त्याच्या बायकोकडे बघावं. साहेबांना फोन करून ‘यांना ताप आहे’ सांगणारी ती. उधारी फेडणारी ती. पाण्याच्या टाकीमागची बाटली शोधून ओतणारी आणि तो येण्याआधी जेवण झाकून मुलांना झोपवणारी ती. अशा कुटुंबीयांसाठी बिल विल्सनच्या बायकोनं, लोइसनं, १९५१ मध्ये अल्‌-अनॉन उभी केली आणि त्यातून पुढे किशोरवयीन मुलांसाठी अल्‌-अटीन निघाली. महाराष्ट्रात अल्‌-अनॉनचे गट ए.ए.पेक्षा बरेच कमी आहेत. तिथे पहिल्यांदा आलेल्या बाईचा प्रश्न ठरलेला असतो: ‘यांची कशी सोडवू?’ आणि तिला हळूहळू उमगतं की इथे त्याचं उत्तर मिळणार नाही, स्वतःचं जगणं त्याच्या पिण्यापासून कसं सोडवून घ्यायचं याचं मिळेल. नवरा पीत असतानाही ती शांत झोपायला शिकते. काहींना हे थंडपणाचं वाटतं. मलाही वाटत असे. वर्षभर येणाऱ्या बायकांचे चेहरे बघितल्यावर वाटेनासं झालं.

आणि पिणाऱ्या बायकांचं काय? या पुस्तकासाठी बोलणं सर्वांत कठीण गेलं ते त्यांच्याशी. पुरुष दारू सोडतो म्हटलं की त्याचं कौतुक होतं. बाईनं सोडली म्हटलं की ती पीत होती हे पहिल्यांदा जाहीर होतं. पंचवीस पुरुषांच्या खोलीत एकटीनं जाऊन बसणं सोपं नाही आणि काही वेळा सुरक्षितही नाही. मुंबई-पुण्यात केवळ स्त्रियांच्या मीटिंग होतात, आता फोनवरूनही होतात. जिल्ह्याच्या गावांत त्या जवळजवळ नाहीत. मराठी मीटिंगचा हा सर्वांत मोठा दुबळेपणा आहे आणि अनामिकपणाच्या परंपरेआड तो झाकता येणार नाही.

दवाखान्यांनी आणि केंद्रांनी या पद्धतीला आपल्याकडे आधार दिला. १९८१ मध्ये वांद्र्यात फादर ज्यो परेरांनी कृपा फाउंडेशन सुरू केलं. ते स्वतः या आजारातून उठलेले आणि अय्यंगारांचे योगशिष्य, त्यामुळे तिथे बारा पायऱ्यांच्या जोडीला आसनं आली. १९८६ च्या ऑगस्टमध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण उभं राहिलं. अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनावर लिहिलेलं वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी पैसा उभा केला, आणि डॉ. अनिता अवचटांनी त्याला घराची कळा दिली. त्या गेल्यानंतर मुक्ता पुणतांबेकरांनी ते पुढे नेलं. मुक्तांगणनं एक गोष्ट फार लवकर ओळखली. महिनाभर आत राहून बरा झालेला माणूस एसटीतून उतरला की त्याच जुन्या चौकात उतरतो. म्हणून गावोगावी पाठपुराव्याच्या बैठका आणि पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आले. पस्तीस दिवसांचा उपचार आणि पस्तीस वर्षांचं आयुष्य यांना जोडणारं काहीतरी लागतं, हे तिथे तेव्हाच कळलं होतं.

उपयोग होतो का, हे विचारणाऱ्यांना आता नुसत्या अनुभवकथनांवर विसंबावं लागत नाही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात सत्तावीस अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक माणसं तपासली गेली. ए.ए. आणि माणसाला तिथवर पोचवणारे उपचार हे इतर मानसोपचारांइतके तरी चांगले ठरले, आणि दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत सरस. यातला ‘तिथवर पोचवणारे’ हा भाग लक्षात ठेवण्याजोगा आहे. चिठ्ठीवर ‘मीटिंगला जा’ लिहून देणं वेगळं आणि जुन्या सभासदाला फोन लावून ‘हे सोमवारी येतील, तुम्ही गेटपाशी थांबा’ सांगणं वेगळं. अर्थात जे टिकले तेच बोलायला उरतात, हे कुठल्याही मीटिंगमधल्या आनंदाबद्दल खरं असतं. या पुस्तकात म्हणून न टिकलेल्यांनाही जागा दिली आहे.

आणि गरज किती? केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात दारू पिणारे सुमारे सोळा कोटी, आणि दारूवर अवलंबून असलेले त्यातले तीन कोटींच्या घरात. त्या अवलंबितांपैकी उपचार मिळाल्याचं सांगणारे अडतीसांत एक. उरलेल्या सदतीस जणांसाठी खाटा, डॉक्टर, समुपदेशक कुठलंही सरकार लवकर उभे करू शकणार नाही. तिसरीच्या वर्गातली बाकं मात्र संध्याकाळी रिकामीच असतात. करोनाच्या काळात मीटिंग फोनवर गेल्या आणि त्यातल्या काही तिथेच राहिल्या. त्यामुळे दुबईतला सांगलीकर फोरमन किंवा न्यू जर्सीतली ठाण्याची बाई आज मराठीत शेअरिंग करू शकते. ज्या भाषेत शिव्या खाल्ल्या त्याच भाषेत मन मोकळं होतं, असं म्हणणारे मला बरेच भेटले.

आता काही रोखठोक. गट म्हणजे दवाखाना नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम थांबवलं तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, भिंतीवर किडे दिसू लागतात, जीवही जाऊ शकतो. असा माणूस आधी डॉक्टरकडे, मग मीटिंगला. एसटी स्टँडवर ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती असतात. नकळत भाजीत गोळी घालून वर दारू पोटात गेली तर ती जिवावर बेतू शकते. त्या वाटेला जाऊ नये. मीटिंगला प्रवेश फी मागणारा, ‘गाडी पाठवून उचलून नेऊ’ म्हणणारा, आत साखळीनं बांधणारा जो कुणी असेल तो स्वमदत गट नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनाशी निगडित आजारही येतात आणि अशा रुग्णालाही माणसासारखं वागवलं जाण्याचा हक्क आहे. आणि एका मीटिंगवरून मत बनवू नका. एखाद्या गटात एकच जण अर्धा तास बोलतो, एखाद्यात जुने लोक आपसातच रमतात, एखाद्याची भाषा आपली नसते. तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी बसून बघावं.

हे पुस्तक उपदेशासाठी लिहिलेलं नाही आणि बरं होण्याची हमीही देत नाही. त्यात खुल्या, म्हणजे कुणालाही येता येतं अशा, मीटिंगांना बसून ऐकलेलं आहे आणि स्वतःहून बोलायला आलेल्यांनी सांगितलेलं आहे. फक्त मद्यपींसाठी असलेल्या बंद मीटिंगमधलं काहीही नाही. नावं, गावं, धंदे बदलले आहेत, घटना नाहीत. ए.ए.च्या वतीनं बोलण्याचा अधिकार मला नाही आणि त्या संघटनेनं हे पुस्तक पाहिलेलं किंवा मान्य केलेलं नाही. बारा पायऱ्यांची वाट, वारकऱ्यांची वाट, मानसशास्त्राची वाट, केंद्रांच्या पाठपुराव्याची वाट, यांची भांडणं लावण्यात मला रस नाही. कुणाला कुठली वाट मानवेल हे तो तिथे बसल्याशिवाय कळत नाही. पण एकट्यानं निश्चय करून बसण्याला मात्र मी या पानांत कुठेही वाट म्हटलेलं नाही.

तुम्ही हे कुणा दुसऱ्यासाठी वाचत असाल तर पुस्तक त्याच्या उशाशी नेऊन ठेवू नका, तो फेकून देईल. आधी तुम्ही स्वतः अल्‌-अनॉनच्या किंवा खुल्या मीटिंगला जाऊन या. आणि स्वतःसाठी वाचत असाल तर प्रस्तावना संपल्यावर पुढचं प्रकरण उद्या वाचलं तरी चालेल. आज १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर, नाहीतर १४४१६ या टेलिमानसच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर फोन करा, किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. तुमच्या भागात मराठी मीटिंग कुठे आणि कधी होते, एवढं विचारा. खुली असते की बंद, तेही विचारून घ्या. सकाळी हात थरथरत असतील तर तसं आधी सांगा. मग वेळेच्या दहा मिनिटं आधी जाऊन दाराजवळच्या बाकावर बसा. बोलायची सक्ती नाही.